पॉलिमर, नॅनोकण, औषधं : मुलगी पीएच.डी. करते म्हणतेय. हे खरंच कुणाच्या अंगी लागतं का?

चाटीगल्लीकर | शनिवार, रात्री १०.१०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, आज पहिलाच धागा काढतोय. (सोलापूरकराला धागा काढायला शिकवावं लागत नाही म्हणा.)

अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचे सोळा माग आहेत, टेरी टॉवेलचे. वडिलांच्या वेळी चादर होती. मुलीने केगावला आपल्याच विद्यापीठात पॉलिमर केमिस्ट्रीत एम.एस्सी. केलं आणि आता तिला पीएच.डी. करायची आहे. विषय मला समजला तो असा : पॉलिमर, म्हणजे प्लास्टिकसारखे लांब साखळीचे पदार्थ, त्यांचे अतिबारीक कण (नॅनोकण) करायचे, त्यांच्या पोटात औषध भरायचं, आणि ते शरीरात हळूहळू सुटेल असं बघायचं. चार-पाच वर्षं जाणार. जाऊ देत, पोरगी हुशार आहे. पण परवा जेवताना मी सहज विचारलं, की बाई, हे असले कण आजवर कुणाच्या कामाला आलेत का, की नुसते पेपर छापायचे? तर म्हणते, "पप्पा, तुमच्या नाकापर्यंत येऊन गेलेत." आणि हसत उठून गेली. दोन दिवस झाले, मला अर्थ लागलेला नाही.

दुसरा भाग. एक एजंट महिनाभर मागे लागलाय. टॉवेलला "नॅनो सिल्व्हर" फिनिश मारा म्हणतो, जंतू मरतात, दवाखाने दुप्पट भाव देतील. मला वाटलं मुलगी खूष होईल, तिचाच विषय. तर ती म्हणाली एक रुपया देऊ नका. म्हणजे नॅनो खरं पण आणि खोटं पण? जाणकारांनी सांगावं.

कडक_भाकरी | शनिवार, रात्री १०.१६

पहिला! चांदीचा टॉवेल आहेरात द्यायला बरा. पॅन कार्ड लागेल का?

सिस्टर_ताई | शनिवार, रात्री १०.४८

कोडं सोपं आहे. करोनात नाकात काडी घालून रॅपिड टेस्ट केली होती ना? त्या पट्टीवर जी लालसर रेघ येते ती बहुतेक किटमध्ये सोन्याची असते. चेष्टा नाही. सोनं इतकं बारीक केलं की पिवळं न दिसता लाल दिसतं. त्या कणांना अँटिबॉडी चिकटवलेली असते. विषाणूचं प्रथिन सापडलं की कण त्या जागी अडकतात, गर्दी झाली की आपल्याला रेघ दिसते. घरी करायची प्रेग्नन्सीची पट्टीही बहुधा तशीच.

आणखी एक सांगते. मी एकोणीस वर्षं सरकारी नोकरीत आहे. गरोदर बाईचं हिमोग्लोबिन सातावर आलं की आम्ही आयर्न सुक्रोज लावतो. चहाच्या चोथ्यासारखं काळपट इंजेक्शन, १०० मिली सलाईनमध्ये घालून सावकाश सोडायचं. ते लोहाचे नॅनोकणच आहेत, भोवती साखरेचं कवच. मोकळं लोह शिरेत सोडलं तर ते विष ठरेल. कवचामुळे आपल्या पेशी ते गिळतात आणि लागेल तसं बाहेर देतात. आम्ही त्याला कधी नॅनो म्हटलं नाही. बायका "लोखंडाची बाटली" म्हणतात.

अस्सल_सोलापूरकर | शनिवार, रात्री १०.५५

सोनं होतं आणि आपण पिवळ्या पिशवीत टाकलं? आधी सांगायचं की बे!

कडक_भाकरी | शनिवार, रात्री १०.५७

उद्या सराफ बाजारात किट घेऊन उभा राहतो. घडणावळ किती कापतील?

चाटीगल्लीकर | शनिवार, रात्री ११.२०

सिस्टर ताई, आभार. मुलीला दाखवलं. "बरोबर" म्हणाली, आणि मी इंटरनेटवर विचारलं म्हणून दहा मिनिटं हसली.

प्रयोगवही | रविवार, सकाळी ९.०५

याच विषयात मी पुण्यात पाच वर्षं काढली. पदवी मिळाली, आता भलतंच काम करतो. त्यामुळे जरा कडवट वाटलं तर समजून घ्या.

कण करणं अवघड नाही. सगळ्यात जास्त वापरलं जाणारं पॉलिमर म्हणजे पीएलजीए. ते लॅक्टिक आणि ग्लायकोलिक आम्लांच्या साखळीचं असतं. शरीरातल्या पाण्याने साखळी हळूहळू तुटते आणि ती आम्लं सुटी होतात. त्यातलं लॅक्टिक आम्ल दह्यात असतं आणि जिना चढल्यावर आपल्या मांडीतही तयार होतं. ते शरीराला ओळखीचं, म्हणून पॉलिमर चालतं. पॉलिमर आणि औषध एका द्रावकात विरघळवायचं, पाण्यात घालून जोरात घुसळायचं, द्रावक उडून जातो, कण मागे राहतात. यंत्रावर आकार मोजायचा, दीडशे नॅनोमीटर (मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातला एक म्हणजे नॅनोमीटर) आला की आनंद. मग काचेच्या बशीत वाढवलेल्या कॅन्सरच्या पेशींवर ओतायचे. पेशी मेल्या की पेपर. पेशी जास्त मिठानेही मरतात, पण मिठाचा पेपर कोण छापणार?

आता खरी गोष्ट. २०१६ मध्ये काही संशोधकांनी त्याआधीच्या दहा वर्षांतल्या प्राण्यांवरच्या प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला. शिरेतून सोडलेल्या कणांपैकी कॅन्सरच्या गाठीत पोचलेल्यांचा मधला आकडा ०.७ टक्के. शंभरात एकही नाही. बाकीचे बरेचसे यकृत आणि प्लीहा गिळून टाकतात, कारण रक्तातला परका कचरा उचलणं हे त्यांचं कामच आहे. प्रकल्पाच्या अर्जात मात्र आपण "थेट गाठीवर मारा" असंच लिहितो.

काका, मुलीला जाऊ द्या, पण हे तिला माहीत असू द्या.

मिनेसोटाचा_मालक | रविवार, सकाळी १०.३०

(इकडे रात्र आहे, झोप येईना म्हणून.) मूळ गाव जुळे सोलापूर, सध्या वैद्यकीय उपकरणांच्या कंपनीत.

प्रयोगवही, आकडा बरोबर आहे पण त्यातून काढलेला अर्थ अर्धाच आहे. कण गाठीत किती पोचले एवढंच मोजून चालत नाही. नको त्या जागी किती कमी पोचले तेही बघावं लागतं. डॉक्सोरुबिसिन नावाचं कॅन्सरचं जुनं औषध हृदयाला इजा करतं. तेच चरबीच्या सूक्ष्म फुग्यात, म्हणजे लिपोसोममध्ये, भरून द्यायला अमेरिकेत १९९५ मध्ये परवानगी मिळाली. गाठीवर चमत्कार झाला म्हणून नाही, हृदय वाचतं म्हणून ते टिकलं. त्याबदल्यात तळहात-तळपाय सोलवटायला लागतात, तो भाग आहेच. एक त्रास देऊन दुसरा घ्यायचा, असा हा व्यापार.

खमंग_चटणी | रविवार, दुपारी १२.१५

लिपोसोम शब्द वाचला आणि हात थांबला. हा शब्द मी आयुष्यात विसरणार नाही.

मे २०२१. माझ्या थोरल्या दिरांना करोनातून उठल्यावर गालावर सूज आली. काळी बुरशी निघाली. डॉक्टरांनी चिठ्ठीवर बुरशीचं औषध लिहून दिलं आणि मला वेगळं बोलावून सांगितलं, "वहिनी, खोक्यावर लिपोसोमल लिहिलंय का ते बघा. नुसतं अँफोटेरिसिन नको." वजन साठ किलो, किलोला पाच मिलिग्रॅम, एका कुपीत पन्नास मिलिग्रॅम. म्हणजे रोज सहा कुप्या. रोज. आणि गावात एक मिळेना. कलेक्टर ऑफिसकडून वाटप सुरू झालं तेव्हा यादीत नाव लावायला माझा मुलगा पहाटेपासून उभा असायचा. लातूर, पुणे, हैदराबाद, ज्याचा नंबर सापडेल त्याला फोन. हैदराबादहून एका ओळखीच्या ट्रकवाल्याने थर्माकोलच्या डब्यात बर्फ घालून चार कुप्या आणल्या. पैसे घेतले नाहीत त्याने.

मधे तीन दिवस लिपोसोमल मिळालंच नाही, तर साधं दिलं. साध्याने हुडहुडी भरायची, पलंग हलायचा. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचा त्रास दाखवणारा रक्तातला आकडा, रोज वाढत होतं. चौथ्या दिवशी पुन्हा लिपोसोमल सुरू झालं आणि आकडा हळूहळू खाली आला. औषध तेच, फक्त चरबीच्या कवचात. ते कवच मूत्रपिंडाला झळ बसू देत नाही, हे तेव्हा एका शिकाऊ डॉक्टर मुलीने मला कागदावर गोल काढून समजावलं. तो कागद अजून फाइलमध्ये आहे.

डावा डोळा गेला. माणूस राहिला. आज दुकानात बसतात, गिऱ्हाइकाशी हुज्जत घालतात.

चाटीगल्लीकरभाऊ, "कुणाच्या अंगी लागतं का" विचारलंत, म्हणून सांगितलं.

अस्सल_सोलापूरकर | रविवार, दुपारी १२.४०

वाचून गप्प झालो, वहिनी.

प्रयोगवही | रविवार, दुपारी १.०५

माझा सकाळचा प्रतिसाद जरा उद्धट होता. मागे घेत नाही, पण यांच्यानंतर वाचायला बरा वाटत नाही.

डाळिंबवाला | रविवार, दुपारी ४.२०

सांगोला. अवांतर विचारतो. नॅनो म्हणून आम्हाला युरियापण बाटलीत आलाय, त्याच्यावर बोलत नाही, नाहीतर धागा शंभरावर जाईल. पण पॉलिमरचं एक काम मला पटलंय. पाणी धरून ठेवणारी पावडर, पुसा हायड्रोजेल. दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेची, सेल्युलोजपासूनची. मुळाशी घातली की पाण्याच्या पाळीला थोडी ओढ देता येते. लहान पोरांच्या डायपरमध्येपण असलंच काहीतरी असतं म्हणे. तेच औषधात पण वापरतात का?

आणि कॉलेजची दोन पोरं डाळिंबाची सालं मागायला आली होती, चांदीचे नॅनोकण करायचेत म्हणून. सालीला भाव येणार असेल तर आधी सांगा.

प्रयोगवही | रविवार, दुपारी ५.००

हाहा. भाव येणार नाही. चांदीच्या क्षाराच्या पाण्यात कुठल्याही पाल्याचा काढा ओता, त्यातली तुरट द्रव्यं चांदीचे कण करतात, पाणी पिवळं-तपकिरी होतं. कडुनिंब झाला, तुळस झाली, शेवगा झाला, म्हणून आता डाळिंब. मग जंतूंच्या बशीत एक ठिपका ठेवायचा, भोवती मोकळं वर्तुळ दिसलं की फोटो. चहापत्तीनेही होतं. शिकायला उत्तम प्रयोग आहे, औषध म्हणून त्याच्या पुढची वाट कुणी चालत नाही.

डायपरचं बरोबर. पाणी धरणारी जाळी ती हायड्रोजेल. डोळ्यात घालायची मऊ कॉन्टॅक्ट लेन्स हेही हायड्रोजेलच, आणि भाजलेल्या जखमेवर ठेवायच्या गार चकत्याही.

जुनं_ते_सोनं | रविवार, सायं. ६.१०

आपल्याकडे सुवर्णभस्म, रौप्यभस्म हजार वर्षांपासून आहे. ते नॅनोच. पाश्चात्त्यांनी आता शोधलं म्हणून टाळ्या.

मिनेसोटाचा_मालक | रविवार, सायं. ६.४५

भस्मात नॅनो आकाराचे कण सापडतात हे मान्य. पण लाकूड जाळलं तरी धुरात नॅनोकण असतात. बारीक आहे एवढ्याने ते औषध होत नाही. किती दिलं, कुठे गेलं, बाहेर कधी पडलं, हे विचारायला लागतं.

जुनं_ते_सोनं | रविवार, सायं. ६.५०

तुम्हाला तिकडे राहून आपलं सगळंच धूर वाटतं.

(यापुढचे सात प्रतिसाद उडवले आहेत. धाग्याचा काश्मीर करू नये. टॉवेलवर या. – संपादक)

कडक_भाकरी | रविवार, रात्री ८.०२

उडवलेल्या सातात माझा एक चांगला विनोद होता. नोंद असावी.

निवृत्त_गुरुजी | रविवार, रात्री ८.३०

माझ्या उजव्या डोळ्यात प्लास्टिक आहे. मोतीबिंदूनंतरची भिंग. ही कल्पना कशी सुचली ती गोष्ट मी वर्गात सांगत असे. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या काचा ॲक्रिलिकच्या असत. गोळी लागली की तुकडे वैमानिकाच्या डोळ्यात घुसत. लंडनचे डॉक्टर हॅरॉल्ड रिडली यांच्या लक्षात आलं की ते तुकडे डोळा लाल न करता तसेच पडून राहतात. मग त्याच प्लास्टिकची भिंग का बसवू नये? १९४९ मध्ये बसवली. बाकीच्या डॉक्टरांनी पुढे कितीतरी वर्षं त्यांना वेड्यात काढलं.

म्हणजे शरीराला काय चालतं हे पहिल्यांदा अपघातानेच कळलं. आपल्या लेकीला आशीर्वाद.

पूर्व_भागातली | रविवार, रात्री ९.४०

अण्णा, मी टेक्स्टाइल इंजिनीअर, माहेर दाजी पेठेत, वडील जॉबर होते, म्हणजे मागांवर देखरेख करणारे. तुम्ही "तिचा विषय वेगळा, माझा धंदा वेगळा" अशा सुरात लिहिलंय. मला तसं वाटत नाही.

मायकेल डिबेकी म्हणून अमेरिकेतले प्रख्यात हृदयशल्यविशारद होते. १९५० च्या दशकात त्यांना फुगलेल्या रोहिणीच्या, म्हणजे हृदयाकडून रक्त नेणाऱ्या वाहिनीच्या, जागी कापडाची नळी बसवायची होती. ह्यूस्टनमधल्या एका दुकानात नायलॉन मागायला गेले, तर नायलॉन संपलं होतं. दुकानदाराने नवीन आलेलं डॅक्रॉन दिलं, म्हणजे आपलं पॉलिएस्टर. घरी येऊन बायकोच्या शिलाई मशीनवर त्यांनी नळ्या शिवल्या. कृत्रिम रोहिणीसाठी पॉलिएस्टर आजही वापरात आहे. विणलेलं कापडच ते. वीण सैल झाली तर रक्त झिरपतं, फार घट्ट झाली तर शरीराच्या पेशी आत रुजत नाहीत. ही भाषा तुम्हाला परकी वाटते का?

माझ्या वडिलांना हर्नियाची जाळी बसवली. ऑपरेशनआधी त्यांनी डॉक्टरांना विचारलं, जाळीचा उरलेला तुकडा मिळेल का? डॉक्टरांनी पुडीत बांधून दिला. शुद्धीवर आल्यावर नानांनी तुकडा उजेडाकडे धरला, चष्मा वर केला आणि म्हणाले, "हे मागावरचं नाही. निटिंग आहे. एकेरी तार. पॉलिप्रॉपिलीन." पोटाला टाके, आणि हे कापड तपासतायत!

आपल्या देशातलं उदाहरण हवं असेल तर तिरुवनंतपुरमची श्री चित्रा तिरुनाल संस्था. डॉ. वलियाथन यांच्या हाताखाली तिथे हृदयाची कृत्रिम झडप तयार झाली. आधीचे तीन नमुने फसले, चौथा चालला, आणि डिसेंबर १९९० मध्ये पहिल्या रुग्णाला बसवला. तिची उघडझाप करणारी चकती पॉलिएथिलीनची, आणि हृदयाला टाके घालायची कडा पॉलिएस्टर कापडाची.

कडक_भाकरी | रविवार, रात्री ९.५५

नाना ग्रेट! माझ्या पोटात बसवायची असेल तर मी जकार्डची मागेन, मोर काढलेली.

भट्टीमास्तर | सोमवार, सकाळी ७.१५

मालक, आपण शिकलेलं न्हाई. तीस वर्सं डाईंगला हाय. त्या प्रयोगवही साहेबाला एकच इचारतो. तुमी बाटलीत कण केला, दीडशे आला म्हणालाव. दुसऱ्या दिवशी परत केला तर दीडशेच येतो का? आन शंभर लिटरच्या टाकीत केला तर?

आमच्याकडं वाटीत शेड काढणं सोपं. पोरगं बी काढतं. तीच शेड जिगरवर, म्हंजे रंगाच्या मशीनवर, लॉटमागं लॉट काढणं, तिथं मास्तर लागतो. उजनीचं पाणी बंद झालं, बोअरचं लावलं, की निळी शेड पळते. मीठ दुसऱ्या पोत्यातलं आलं की पळते. पार्टी टॉवेल उजेडात धरती आन लॉट परत पाठवती. औषधाच्या लॉटला परत पाठवणार कोण? त्यो तर माणसाच्या अंगात गेला.

प्रयोगवही | सोमवार, सकाळी ८.५०

मास्तर, नमस्कार घ्या.

मी हा विषय का सोडला ते कुणालाच नीट सांगितलं नव्हतं. माझा सातव्या नंबरचा लॉट फार सुंदर आला होता. सगळे कण एका मापाचे, औषध भरपूर धरलेलं. त्यावर पेपर झाला. पुढची दीड वर्षं तो लॉट मला परत काढता आला नाही. तेच पॉलिमर, तीच वही. एकदा वाटलं घुसळायच्या यंत्राचं पातं बदललंय, एकदा वाटलं पॉलिमरच्या नव्या बाटलीत साखळ्यांची लांबी वेगळी आहे, एकदा वाटलं उन्हाळ्यात द्रावक लवकर उडतोय. गाईडना सांगितलं तर म्हणाले, पेपर झालाय ना, पुढे चला.

तुम्ही विचारलेला प्रश्न हाच या धंद्यातला खरा प्रश्न आहे, आणि परीक्षेच्या वेळी मला तो कुणी विचारला नाही. त्याचं एक चांगलं उत्तर करोनाच्या एमआरएनए लशींनी दिलं. त्या लशी चरबीच्या नॅनोकणांत भरलेल्या असतात. मोठ्या टाकीत घुसळत नाहीत. दोन बारीक धारा, एक पाण्याची, एक अल्कोहोलमध्ये विरघळलेल्या चरबीची, ठरावीक वेगाने एकमेकींवर आपटवतात. मिसळणं निमिषात होतं आणि दर वेळी सारखंच होतं. जास्त माल हवा असेल तर टाकी मोठी करायची नाही, तशाच धारा शेजारी शेजारी वाढवायच्या.

भट्टीमास्तर | सोमवार, सकाळी ९.२०

म्हंजे माग मोठा करायचा न्हाई, माग वाढवायचे. समजलं.

पूर्व_भागातली | सोमवार, सकाळी ९.३५

मास्तरांना पीएच.डी. देऊन टाका.

मिनेसोटाचा_मालक | सोमवार, सकाळी १०.१०

मास्तरांना अनुमोदन. आमच्याकडे निम्मा दिवस याच कामात जातो. शरीरात राहणाऱ्या वस्तूचं पुढचं वागणंही धरावं लागतं. हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवायची, विरघळून जाणारी पॉलिमरची स्टेंट (वाहिनी उघडी ठेवणारी जाळीची नळी) आली होती. कल्पना किती देखणी : काम झालं की धातू मागे उरायला नको. अमेरिकेत २०१६ मध्ये परवानगी मिळाली आणि २०१७ मध्ये विक्री थांबली. धातूच्या स्टेंटपेक्षा तिच्यात गुठळ्या जास्त होत होत्या. पट्ट्या जाड ठेवाव्या लागल्या होत्या, कारण पॉलिमर धातूइतकं मजबूत नाही.

आता काकांचा चांदीचा प्रश्न, ज्याचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही. चांदी जंतू मारते हे खरं. पण ती मारते कशी? कणातून चांदीचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले सुटे अणू, बाहेर पडतात आणि ते मारतात. म्हणजे काम करणारी चांदी ती कापड सोडून जाणारी चांदी. भाजलेल्या जखमेच्या ड्रेसिंगमध्ये हे अगदी योग्य. ओल्या जखमेवर चार-पाच दिवस राहायचं, चांदी सोडत राहायची, मग फेकून द्यायचं. टॉवेल मात्र धुतला जातो. दवाखान्यातला तर गरम पाण्यात, क्लोरीन घालून. प्रत्येक धुण्यात चांदी गटारात. वीस-तीस धुण्यांनंतर काय उरतं, त्याचा चाचणीचा कागद एजंटकडे मागा. एवढा एकच प्रश्न विचारा.

सिस्टर_ताई | सोमवार, दुपारी २.३०

दवाखान्यातल्या टॉवेलबद्दल आमच्या बाजूने : टॉवेल वेळेवर धुऊन वाळून आला तरी आम्ही चांदी मिळाल्यासारखे खूष असतो.

डाळिंबवाला | सोमवार, दुपारी ३.००

पोरीच्या पगाराचं काय? पाच वर्षं बापानेच पोसायचं का?

प्रयोगवही | सोमवार, दुपारी ३.२५

नेट परीक्षा देऊन जेआरएफ (संशोधनाची सरकारी शिष्यवृत्ती) मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,०००, पुढे ४२,०००, घरभाडं वेगळं. वेळेवर येतात का, तो वेगळा धागा काढा. श्री चित्राला जायचं झालं तर कन्याकुमारी एक्स्प्रेस सोलापूरवरूनच जाते, गाडी बदलायला नको.

चाटीगल्लीकर | बुधवार, रात्री ९.४५

मंडळी, दोन दिवस बीम बदलायचं काम होतं म्हणून येऊ शकलो नाही. सगळे प्रतिसाद मुलीला मोठ्याने वाचून दाखवले. खमंग वहिनींचा वाचताना तिच्या आईने गॅस बंद केला आणि येऊन बसली.

एजंटला विचारलं, तीस धुण्यांनंतरचा कागद दाखवा. त्याने मोबाइलवर एका बशीचा फोटो दाखवला, मधे ठिपका, भोवती मोकळं वर्तुळ. मी म्हटलं हा न धुतलेल्या कापडाचा आहे. तो म्हणाला, "साहेब, पार्टी कुठे तीस वेळा धुऊन बघते?" मी म्हटलं, आमची मास्तरमंडळी बघतात. चहा न घेता गेला.

मुलीने एक टिपण दिलंय, ते तसंच टाकतो :

"सर्वांना नमस्कार. प्रयोगवही सर, तुमच्या सातव्या लॉटची वही अजून असेल तर मला बघायला आवडेल, न आलेल्या लॉटांची जास्त. भट्टीमास्तर काकांचा प्रश्न मी मुलाखतीसाठीच्या टिपणात पहिल्या पानावर लिहिलाय. कॅन्सर सध्या माझ्या डोक्यात नाही. अँफोटेरिसिन सोप्या कवचात, स्वस्तात आणि दर वेळी सारखं भरता येईल का, एवढंच बघायचंय. हे मी पप्पांना आधी सांगितलं नव्हतं."

आणि एक गंमत. कण एकमेकांना चिकटू नयेत म्हणून ते लोक पाण्यात एक पावडर घालतात, पॉलिव्हिनिल अल्कोहोल. नाव वाचून मी दचकलो. पीव्हीए! आमचा सायझिंगवाला ताण्याला खळ लावताना तेच घालतो, गोणीने येतं. मी म्हटलं, बाई, पावशेर घेऊन जा की. तर म्हणते ते अंगात चालणारं नाही, तिचं वेगळ्या दर्जाचं, लहान डबीत, आणि किंमत ऐकून मी पाणी प्यायलो.

कडक_भाकरी | बुधवार, रात्री ९.५२

म्हणजे काका, तुमच्या टॉवेलला आणि तिच्या औषधाला एकच खळ!

भट्टीमास्तर | बुधवार, रात्री १०.०५

पोरीला म्हणावं, डबीवरचा लॉट नंबर रोज वहीत लिव. आन नवी डबी फोडली की आधी बारका लॉट काढून बघ, मगच मोठा.